मी मागितलं नाही

७ जून, शनिवार. माडीवरची खोली आज रिकामी करायची आहे. सोमवारी नवे भाडेकरू येतायत. मोहोपाड्याहून इकडच्या शाळेवर बदली झालेले मास्तर, त्यांची बायको आणि दोन मुलं. भिंतींना रंग देऊन झाला, पंखा पुसला. उरलंय ते फडताळ, आणि फडताळात बाईंच्या बरण्या.

बाई गेल्या महिन्यात आपल्या देशात परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बरण्या तुम्हाला. आतलं हवं तर टाका." मी टाकणारच आहे. रिकामी बरणी उपयोगाची असते, अर्धी भरलेली नुसती जागा अडवते. पण प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि ती वाचल्याशिवाय झाकण उघडायचं माझ्याने होत नाही, त्यामुळे तासाभराच्या कामाला दुपार झाली.

बाई डेन्मार्कच्या. वय साठीच्या पुढे, उंची आमच्या दाराच्या चौकटीएवढी. कर्जतकडे एक संस्था आहे, तिथे पाय वाकडे असलेल्या मुलांसाठी बूट आणि पट्टे बनवायचं काम त्या करायच्या. आयुष्यभर तेच केलेलं, निवृत्त झाल्यावर इथे आल्या. संस्थेने राहायची सोय संस्थेतच केली होती. ती त्यांना नको होती, कारण तिथे जेवण आयतं मिळायचं. स्वतःचं सामान स्वतः आणून स्वतः शिजवायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणून कशेळ्यात आमच्याकडे आल्या. खाली आमची पिठाची गिरणी, मागे घर, वर ती खोली. तीन वर्षं राहिल्या.

मराठी त्या पुस्तकातून शिकून आल्या होत्या. मासळीवालीला म्हणायच्या, "नमस्कार, आपण कशा आहात?" मासळीवाली आधी मागे वळून बघायची, कुणाला विचारतायत म्हणून.

आल्या त्या पहिल्याच दिवशी त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या आणि फळी ओलांडून थेट आत शिरल्या. साबण खाली घेऊन बघतायत, डाळीच्या पोत्यात हात घालतायत, वरच्या फळीवरचा चहाचा पुडा काढतायत. त्यांच्याकडे तशीच रीत, दुकानात फिरून आपलं आपण घ्यायचं. शेठ फळीच्या बाहेर येऊन उभा राहिला. दुकानात दोन माणसं मावत नाहीत. त्याने मला हाक मारली, "वहिनी, तुमची पाहुणी माझ्या गादीवर चढली." मी जाऊन त्यांना बाहेर काढलं. समजावलं, की इथे आपण बाहेर उभं राहायचं आणि काय हवं ते तोंडाने सांगायचं. बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पण मला नावं माहीत नाहीत. नाव माहीत नसेल तर उपाशी राहायचं?"

गिरणीत लोक थांबले होते, मी गेले.

नावं माहीत नाहीत म्हणून त्या बोट दाखवू लागल्या. पांढरा, बारीक, तांदळासारखा एक दाणा त्यांना आवडला. तो त्यांनी दहा-बारा दिवस रोज शिजवून खाल्ला. ती वरी होती. शेठने गावभर सांगितलं, की बाईंचे उपास चाललेत. माझ्या सासूबाईंना हे फार पटलं. मला ऐकवायची एक संधी त्या सोडत नाहीत. म्हणाल्या, "बघ, एवढ्या लांबून आलेली बाई पाळते. आणि तुला एकादशीला पोहे लागतात." बाईंना खरं कळलं तेव्हा त्यांनी वरी सोडली नाही, बरणीवर चिठ्ठी लावली. 'वरी. उपासाचे. मी उपास करत नाही.' तेव्हापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. मीठ, हळद, रवा, सगळ्याला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, मोठं आणि सुटं.

दुसरं खूळ रांगेचं. कशेळ्यात भाजीपुढे रांग नसते. पुढे हात घालतो त्याला आधी मिळतं. बाई मात्र कुणाच्या तरी मागे जाऊन उभ्या राहायच्या. तो माणूस गाडीची वाट बघत उभा असायचा. गाडी आली की तो चढायचा, बाई दुसऱ्याच्या मागे. टोमॅटो आणायला गेल्या की दीड तास. आणि आणायच्या किती, तर दोन. मी एकदा म्हटलं, "जरा पुढे घुसा हो." त्या म्हणाल्या, "नाही. मी रांगेत आहे."

पण खरं खूळ तिसरंच. बाई वरचं घेत नसत.

आपण भाजी घेतली की भाजीवाला वर चार काड्या कोथिंबीर टाकतो, दोन मिरच्या टाकतो. नाही टाकल्या तर आपणच मागतो. बाई त्या काड्या काढून, नीट सरळ करून, परत टोपलीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मी मागितलं नाही." रागाने नाही, चूक दुरुस्त केल्यासारखं. भाजीवाल्यांना सुरुवातीला वाईट वाटायचं, मग गंमत वाटायला लागली. मुद्दाम टाकायचे. बाई मुद्दाम परत करायच्या.

मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी नीट सांगितलं. त्यांच्या गावातल्या दुकानात विकायला कुणी बसलेलं नसतं. वस्तू आपणच यंत्राला दाखवायची, यंत्राला पैसे द्यायचे आणि निघायचं. म्हणाल्या, "कुणी बघत नाही. म्हणून जास्त काळजी घ्यावी लागते. यंत्राला न दाखवलेली वस्तू पिशवीत असली तर ती चोरी."

मी म्हटलं, "इथे यंत्र नाही, माणूस स्वतः देतोय."

"हो," त्या म्हणाल्या. "पण का देतोय, ते मला माहीत नाही."

गिरणीतही तेच झालं. एकदा त्यांचे गहू दळले, आणि पांढऱ्या पिठात लालसर पट्टा आला. त्यांच्या आधी नाचणीचा डबा लागला होता. गिरणीत आधीच्याचं थोडं जात्यात राहतं, ते पुढच्याच्या पिठात उतरतं. बाईंनी विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, वाडीवरच्या बुधीचं, ती केव्हाच जीपने गेली. त्यांनी लालसर पीठ वाटीने वरच्यावर काढलं, बरणीत भरलं आणि चिठ्ठी लावली, 'बुधीचे.' पुढच्या आठवड्यात बुधी दळणाला आली तेव्हा बाई ती बरणी घेऊन जिना उतरल्या.

बुधी डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. माझ्याच वयाची असेल, दिसते माझ्यापेक्षा मोठी. पावसाळ्याच्या तोंडापासून गणपतीपर्यंत रानभाज्या आणून स्टँडसमोर बसते. तेच तिचं वर्षाचं नगदी काम, बाकी मग भाताची लावणी, विटांची भट्टी, मिळेल ते. तिने बरणी उघडून बघितली, आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा इतकी हसली की पोत्यावर बसावं लागलं. म्हणाली, "अवो बाय, माजी नाचनी तुमच्यात आली, तशे दुसऱ्याचे तांदूळ माज्यात आले नाय का? ते मी आता कुनाच्या घरी नेऊ?"

बाईंनी बरणीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "तो तुमचा प्रश्न आहे. हे तुमचं आहे." बुधीने बरणी घेतली. पुढच्या खेपेला धुऊन परत आणली. दोघींची ओळख अशी झाली. त्यानंतर बाई रानभाजी बुधीकडूनच घ्यायच्या, एकेक भाजी, नाव विचारून.

आता दोन वर्षांपूर्वीच्या जूनची गोष्ट.

बुधीने शेवळं आणली होती. शेवळं जमिनीतून वर येतात, बोटाएवढी लांब, मिटलेल्या कळीसारखी. आठ-पंधरा दिवस मिळतात, मग संपली. चवीला मटणाच्या तोडीची. पण शेवळांत खाज असते. ती मारायला त्यात काकडं घालावी लागतात. काकड म्हणजे रानातलं बोराएवढं, हिरवं, आंबट फळ. शेवळं विकणारी बाई वाट्याबरोबर मूठभर काकडं देतेच, वेगळी मागावी लागत नाहीत. वेगळे पैसेही नसतात. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही.

मी बाईंबरोबर होते. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती आणि दहाला येणार होती. गिरणीत डब्यांची ओळ लागलेली, मला परत पोचायची घाई. बाई अर्धा तास एका माणसाच्या मागे उभ्या, तो लॉटरीचं तिकीट बघत होता. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बुधीसमोर आणलं. त्यांनी एक वाटा घेतला, पैसे दिले. बुधीने वर काकडं टाकली. बाईंनी ती एकेक वेचून परत ठेवली.

"मी मागितलं नाही."

"घ्या वो, लागतात," बुधी म्हणाली.

"मी याचे पैसे दिले नाहीत."

बुधीने पुन्हा टाकली, बाईंनी पुन्हा काढली. बुधीने माझ्याकडे बघितलं. म्हणजे, तुमी सांगा. माझ्या डोक्यात डबे होते. वर्षभर मी या बाईला एकेक गोष्ट समजावत होते आणि त्या दिवशी मला कंटाळा आला होता. शिकेल आपली आपण, असंही मनात आलं, ते मी नाकारत नाही. मी म्हटलं, "चला, लाइट येईल."

दुपारी बाई जिन्यावरून खाली आल्या त्या गळा धरून. ओठ सुजलेले, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. मी जीप थांबवून त्यांना कर्जतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस ठेवून घेतलं. जिवावरचं नव्हतं, पण दिसायला भयंकर होतं. संस्थेचे व्यवस्थापक धावत आले. मला विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, शेवळं. कुणाकडची? वाडीवरच्या बाईकडची.

दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी कशेळ्यात परत येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. वाडीवालीने गोऱ्या बाईला काहीतरी खायला घातलं. स्टँडसमोरच्या गाळेवाल्यांना वाडीच्या बायका दुकानांपुढे बसलेल्या कधीच आवडत नव्हत्या. त्यांना कारण मिळालं. दुसऱ्या दिवशी बुधीची टोपली स्टँडवर नव्हती. तिला आणि तिच्याबरोबरच्या तिघींना उठवून पुलापलीकडे बसवलं होतं, जिथे गाडी थांबत नाही आणि पायी कुणी जात नाही. तिकडून मी रिक्षाने गेले तेव्हा बघितलं. शेवळं सुकायला लागली होती. बुधीने मला बघितलं, हात वर केला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तू होतीस ना तिथं?"

मी म्हटलं, "गिरणीत होते." दहानंतर होतेच.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. घसा अजून धरलेला, बोलायला मनाई. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, 'बुधी?' मी पुलापलीकडचं सांगितलं. का, असं त्यांनी लिहिलं. मी त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. मग शेवळांचं, खाजेचं आणि काकडांचं सांगितलं, जे तीन दिवस आधी एका वाक्यात सांगता आलं असतं. बाईंनी ऐकून घेतलं. तेव्हा का बोलला नाहीत, असं त्या मला विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हिशेबी परत करणारा हात त्यांचा होता, तेव्हा प्रश्न तिथेच मिटला होता.

त्यांनी माझ्याकडून साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. माडीवर जाऊन तासभर लिहीत होत्या. मग स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन उतरल्या आणि चालत पुलापलीकडे गेल्या. बुधीची टोपली त्यांनी एका बाजूने उचलली. दुसरी बाजू बुधीला उचलावीच लागली. दोघी स्टँडसमोर आल्या. बाईंनी बुधीच्या जुन्या जागेशेजारी स्टूल मांडलं, त्यावर बसल्या आणि पुठ्ठा गुडघ्यांवर उभा धरला.

'शेवळं चांगली होती. तिने काकडं दिली होती. मी परत केली. चूक माझी.'

लोक जमले. एवढी उंच बाई एवढ्याशा स्टुलावर, ओठ अजून जाड, आणि पुढ्यात पाटी. शेठ दुकान सोडून बघायला आला. एका जीपवाल्याने गाडी मध्येच उभी केली. कुणीतरी म्हणालं, "च्यायला, बिनकाकडाची खाल्ली? मग घसा धरनारच की." दुसरा म्हणाला, "माज्या आजोबांनी पन खाल्ली असती तर मेले असते." आणि तीन दिवसांची बातमी तिथेच हसण्यावारी गेली. काकडं न घालता शेवळं खाणाऱ्याला आमच्याकडे कुणी सहानुभूती देत नाही.

एक गाळेवाला तरी पुढे आलाच. म्हणाला, "मॅडम, दुकानाचं तोंड अडतंय. किती वेळ बसणार?"

बाईंनी मनाई मोडून, फाटक्या आवाजात सांगितलं, "मी रांगेत आहे."

तो आत गेला. बाई शेवटची जीप जाईपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी बुधीनेच त्यांना हाकललं, म्हणाली, "तुमी जा बाय, तुमाला बगायला येतात आन भाजी नाय घेत." तोवर वाडीच्या चौघी आपल्या जागी पुन्हा घट्ट बसल्या होत्या. पुढे कुणी उठवलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तिथे गेले होते. बुधीला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "काय लिवलंय ताय?" मी पुठ्ठा मोठ्याने वाचून दाखवला, चारही वाक्यं. बुधी ऐकत होती. चौथं वाक्य झाल्यावर ती माझ्याकडे बघत थांबली, जसं पुढे अजून एखादी ओळ असावी. पुढे ओळ नव्हती. मी म्हटलं, "एवढंच आहे." ती म्हणाली, "हां," आणि टोपलीवर पाणी शिंपडायला लागली.

त्यानंतरही माझी आणि तिची बोलाचाल होती. दळणाला यायची, मी दळून द्यायचे. कमी-जास्त काही नाही.

बाई मात्र बदलल्या, पण त्यांच्या पद्धतीने. वरचं घ्यायला लागल्या. कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा, कढीपत्ता. पण पिशवीतलं विकतचं वेगळं आणि दिलेलं वेगळं. दिलेलं सगळं संपवायच्या नाहीत. थोडं वापरायच्या, थोडं गच्चीवर वाळवून बरणीत भरायच्या. मी म्हणायचे, मिरची बाजारात रोज मिळते, वाळवून काय करता? त्या म्हणायच्या, ही बाजारात मिळालेली नाही.

त्याच या बरण्या. आज एकेक चिठ्ठी वाचली. 'कढीपत्ता. शेठ. मी मागितलं नाही.' 'मिरच्या. मासळीवाली. मी मागितलं नाही.' एका बरणीत तळाशी चिमूटभर लालसर पीठ, त्याला आता जाळी धरलीय. 'नाचणी आणि गहू. माहीत नाही कुणाचं. मी मागितलं नाही.' माझ्या नावाचीही एक निघाली. आत लसणीची चटणी, तेल सुटलेली. ती मी त्यांना केव्हा दिली ते मला आठवत नाही. शेवटची बरणी सगळ्यात मोठी. सुरकुतलेली, काळी पडलेली काकडं. 'काकडं. बुधी. मी मागितलं नाही.' खाली अजून बारीक अक्षरात, 'लागतात.'

आतलं सगळं उकिरड्यावर टाकलं. पिठाला आणि चटणीला वास येत होता. बरण्या गरम पाण्यात घालून चिठ्ठ्या खरवडल्या, उन्हात पालथ्या घातल्या. काकडांची तेवढी ठेवली, वाळलेली काकडं वर्षभर चालतात. मास्तरांची बायको कुठली आहे ते विचारायला हवं. देशावरची असेल तर तिला शेवळं माहीत नसणार.

८ जून, रविवार. सकाळी स्टँडवर गेले. रविवारी फार्महाउसवाल्यांच्या गाड्या असतात. बुधीपुढे मुंबईची एक बाई उभी होती, काळा चष्मा, हातात गाडीची किल्ली. तिने शेवळांचे दोन वाटे घेतले. बुधीने वर काकडं टाकली. ती म्हणाली, "हे नको. हे काय, नको मला, काढ." बुधीने एकदा म्हटलं, लागतात. त्या बाईने स्वतःच पिशवी उलटी धरून काकडं टोपलीत सांडली आणि वळली.

बुधीने माझ्याकडे बघितलं नाही. ती टोपली आवरत होती.

मी त्या बाईच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ताई, ती काकडं घ्या. त्याशिवाय शेवळं शिजवलीत तर घसा सुजेल. आणि मग नाव हिचं होईल." मी पिशवी तिच्या हातातून घेतली, काकडं आत घातली, कशी घालायची ते सांगितलं. ठेचून, बी काढून, शेवळांबरोबरच शिजवायची. तिने मान डोलावली आणि गाडीत बसली.

"आज बोल्लात ताय," बुधी म्हणाली.

"हो. त्या दिवशी मी नुसती बघत उभी होते."

"म्हाईत हाय." तिने माझा वाटा उचलला. "पिशवी धरा."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. तिने शेवळं टाकली, वर काकडं टाकली. मी म्हटलं, अजून मूठभर दे, नवे भाडेकरू येतायत. तिने दिली. मग मी गिरणी उघडायला गेले.